मदत हवी आहे : सीपीएचा पूर्ण कोर्स घ्यावा की फक्त प्रश्नसंच?

नमस्कार मंडळी, अमेरिकेच्या सीपीए (सर्टिफाइड पब्लिक अकाउंटंट, म्हणजे तिथले सनदी लेखापाल) परीक्षेची तयारी सुरू करतेय आणि रिव्ह्यू कोर्सच्या किमतींपाशी गाडी अडली आहे. चारही पेपरांचं पूर्ण पॅकेज घ्यायचं तर माझी जवळजवळ सगळी बचत त्यात जाते. परीक्षेची फी वेगळी, आणि एखादा पेपर राहिला तर ती पुन्हा भरायची.

ऑडिट मी रोज करते, त्यामुळे त्या पेपरला व्हिडिओ लागतील असं वाटत नाही. खरी भीती एफएआरची, म्हणजे फायनान्शियल अकाउंटिंग अँड रिपोर्टिंग या पेपरची. ५० बहुपर्यायी प्रश्न, ७ सिम्युलेशन (प्रत्यक्ष कामासारखी उदाहरणं), चार तास, आणि ७५ गुण हवेतच. सरकारी लेखांकन तर मी कधी हाताळलेलंच नाही. म्हणून विचार असा, की एफएआरचा एकच कोर्स घ्यावा आणि बाकीच्या पेपरांना नुसता प्रश्नसंच. परीक्षा तयार करणाऱ्या एआयसीपीए या संस्थेचे नमुना पेपर आणि ब्लूप्रिंट (अभ्यासक्रमाचा आराखडा) फुकट आहेतच.

एका मैत्रिणीने तिची २०२२ची पुस्तकं देऊ केली आहेत. पण जानेवारी २०२४पासून बीईसी (व्यवसाय आणि अर्थविषयक जुना पेपर) जाऊन तीन मुख्य पेपर आणि एक आपल्या निवडीचा अशी रचना झाली. त्या पुस्तकांतलं आता कितपत उपयोगी पडेल?

नोकरी सांभाळून ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया सांगा : सुटे पेपर घेऊन शेवटी खर्च वाढला का? कोर्सची मुदत संपल्यावर पुन्हा पैसे मोजावे लागले का? आणि ‘पास होईपर्यंत मोफत’ या हमीचा कुणाला खरोखर लाभ मिळालाय का? त्यातल्या अटी वाचून मला धीर होत नाहीये.