हेडफोनची केबल बदलून आवाज बदलतो? की नुसताच खिसा हलका होतो?

तारतम्य

मुद्दा थेट मांडतो. हेडफोनसोबत आलेली केबल धडधाकट असताना केवळ 'आवाज सुधारावा' म्हणून दुसरी घेणं हा शुद्ध अपव्यय आहे. चांदीचा मुलामा, एकस्फटिकी तांबं, आठ पदरी वेणी, हाताने गुंफलेली... ही वर्णनं वाचताना आपण सराफाच्या जाहिरातीत शिरलो की काय असं वाटतं.

आता आकडे. चांदी तांब्यापेक्षा चांगली वाहक आहे, कबूल. पण किती? साधारण ६ टक्के. तांब्याची तार तेवढी अधिक जाड घेतली की हिशेब मिटला. ऑक्सिजनमुक्त तांबं साध्या विजेच्या तांब्याच्या फार तर १ टक्का पुढे. आता २८ गेजची (गेज म्हणजे तारेच्या जाडीचं माप, आकडा मोठा तितकी तार बारीक) दीड मीटर केबल धरा. जाऊन-येऊन ३ मीटर तार झाली, तिचा रेझिस्टन्स सुमारे ०.६४ ओहम. सेनहायझर एचडी ६५० सारख्या ३०० ओहमच्या हेडफोनवर त्यामुळे आवाज ०.०२ डेसिबलने कमी होतो. यातले ६ टक्के वाचवून कोणाच्या कानाला काय मिळणार आहे?

कोणीतरी 'स्किन इफेक्ट' (वरच्या फ्रिक्वेन्सीला करंट तारेच्या पृष्ठभागाजवळूनच वाहू लागतो, तो) काढणारच, म्हणून आधीच सांगतो. २० किलोहर्ट्झला तांब्यातली स्किन डेप्थ, म्हणजे करंट पृष्ठभागापासून साधारण जेवढा आत पोचतो ते अंतर, ०.४६ मिमी असते आणि २६ गेजच्या आख्ख्या तारेचा व्यासच ०.४ मिमी आहे. करंट गाभ्यापर्यंत आरामात पोचतो.

केबल तुटली, तोकडी पडली, पिन सैल झाली तर जरूर बदला. बाकी पैसे दुसऱ्या हेडफोनसाठी ठेवा.

मंद्रसप्तक

असहमत. तुम्ही तारेचं गणित केलंत, ऐकलं काहीच नाहीत. माझ्याकडे मूळ तांब्याची आणि नंतर घेतलेली चांदीची, अशा दोन्ही केबल आहेत. चांदीच्या केबलवर तानपुऱ्याची जवारी सुटी ऐकू येते, झांजेचा नाद शेवटपर्यंत विरत जाताना कळतो. मूळ केबलवर तेच सगळं जरा गुळगुळीत होतं.

०.०२ डेसिबल हा आकडा एका सायन वेव्हचा, म्हणजे एकाच शुद्ध सुराचा. संगीत म्हणजे सायन वेव्ह नव्हे.

ओहमशांती

संगीत सायन वेव्ह नाही म्हणताय ना, मग चाचणीही संगीतावरच करा. हेडफोन जोडलेला ठेवून त्याच्या टोकांवरचा सिग्नल एका केबलने रेकॉर्ड करा, मग दुसरीने. दोन्हींची पातळी जुळवा, एक उलटा करा आणि दुसऱ्यात मिसळा. जे उरेल तो दोन केबलींमधला संपूर्ण फरक. जवारी, झांज, हवा, 'काळोखी पार्श्वभूमी', सगळं त्यातच असलं पाहिजे, कारण ड्रायव्हरला (कपातल्या छोट्या स्पीकरला) केबलमधून दुसरं काही मिळतच नाही. तो उरलेला तुकडा वाजवून बघा आणि त्यात तानपुरा सापडतो का ते इथे लिहा.

दुसरं म्हणजे, केबल काढून दुसरी लावायला अर्धा-पाऊण मिनिट जातं. आवाजाच्या बारीक पोताची कानाची आठवण काही सेकंदांचीच असते. तेवढ्या वेळात हेडफोन डोक्यावर जरा वेगळा बसला तरी वरच्या पट्टीतला प्रतिसाद काही डेसिबलने हलतो. केबलच्या नावावर जमा होणारे कितीतरी फरक मुळात इअरपॅडचे असतात.

आणि कोणती केबल लागली आहे हे तुम्हाला माहीत असतं, हे तर राहिलंच. डेव्हिड क्लार्क यांनी ऑडिओसाठीच्या एबीएक्स तुलनायंत्रावरचा लेख १९८२ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात ए आणि बी ऐकवतात आणि एक्स त्यांतला कोणता ते ओळखायला लावतात. पद्धत कोणालाही घरी करता येते. दुसऱ्याला केबल बदलायला सांगा, तुम्ही पाहू नका. १६ पैकी १२ वेळा बरोबर ओळखलीत तर नशिबाने तसं होण्याची शक्यता ४ टक्क्यांहून कमी. तेवढं जमलं तर मी ऐकेन.

मंद्रसप्तक

परीक्षेला बसवून गाणं ऐकवलं की कान आखडतो, हे कोणताही ऐकणारा सांगेल. मी महिनोन्महिने ऐकतो, तेव्हा फरक जाणवतो.

आणि ओहमशांती, हे जरा तुम्हीच समजावून सांगा. एखाद्या डॅकचं (डिजिटल फाइलचा आवाजाचा सिग्नल बनवणाऱ्या उपकरणाचं) डिस्टॉर्शन उणे ११० ऐवजी उणे १२० डेसिबल आलं की याच मंडळींचे आलेखांसकट कौतुकाचे धागे निघतात. ते कोणाच्या कानाला ऐकू येतं? तिथे 'उत्तम इंजिनिअरिंग' आणि चांदीची तार घेतली की 'भोळेपणा'! न ऐकू येणाऱ्या फरकासाठी पैसे मोजण्यात तुम्हीही माझ्याच रांगेत उभे आहात, फक्त तुमच्या हातात आलेख आहे.

तारतम्य

हा टोला चांगला होता. :) फरक एवढाच की डॅकचा तो आकडा निदान मोजलेला तरी असतो. केबलच्या खोक्यावर तोही नसतो.

झुळूक

अचाट दाव्यांची पोल उघडणारे जादूगार जेम्स रँडी, त्यांचं आव्हान विसरलात की काय? २००७ मध्ये महागड्या केबलचा फरक ओळखून दाखवणाऱ्याला १० लाख डॉलर देऊ केले होते त्यांनी. कोणालाही मिळाले नाहीत. विषय संपला.

मंद्रसप्तक

विषय संपला नाही, कारण ती चाचणी झालीच नाही. एक समीक्षक तयार झाला, मग केबल कंपनीने अंग काढून घेतलं आणि अटींवरून घोळ होऊन सगळंच बारगळलं. शिवाय ती स्पीकरची केबल होती, हेडफोनची नव्हे. न झालेली परीक्षा पुरावा म्हणून कशी चालेल?

ओहमशांती

हे मात्र मंद्रसप्तक बरोबर सांगताहेत. तो किस्सा दोन्ही बाजूंनी वापरू नये.

कानोसा

धागाकर्त्यांनी उदाहरण फार सोयीचं निवडलंय. ३०० ओहमच्या हेडफोनवर केबलने काही होत नाही हे सिद्ध करायला हिशेब कशाला हवा? तेच गणित आयईएमवर (कानाच्या आत बसणाऱ्या इअरफोनवर) करून पाहा.

बरेच बॅलन्स्ड आर्मेचर (एक प्रकारचे छोटे ड्रायव्हर) असलेल्या आयईएममध्ये क्रॉसओव्हरमुळे (त्यांच्यात आवाजाच्या पट्ट्या वाटणाऱ्या सर्किटमुळे) इम्पिडन्स (फ्रिक्वेन्सीनुसार बदलू शकणारा रेझिस्टन्स) सरळ रेषेत राहत नाही. समजा एका ठिकाणी तो ४ ओहमपर्यंत खाली जातो आणि दुसऱ्या ठिकाणी ३० पर्यंत चढतो. असे आयईएम खरोखर असतात. केबलचा रेझिस्टन्स १ ओहम असेल तर ४ ओहमच्या जागी आवाज १.९ डेसिबलने पडतो, ३० ओहमच्या जागी ०.३ ने. म्हणजे आलेख १.६ डेसिबलने वाकला. केबल ०.३ ओहमची घेतली तर हाच वाक अर्ध्या डेसिबलवर येतो. दोन केबलींमध्ये डेसिबलभराचा फरक, तोही एका विशिष्ट पट्टीत. हा नुसता मोजता येणारा नाही, ऐकू येणारा फरक आहे. बारीक तारेच्या केबलवरून जाड केबलवर आलेल्या माणसाला 'ट्रेबल बदलला' असं वाटलं, तर त्याला भास झाला म्हणू नका.

मात्र यात चांदीचं श्रेय शून्य. ०.३ ओहमची साधी तांब्याची केबल हेच करेल. आणि बदल म्हणजे सुधारणा असंही नाही. निर्मात्याने आयईएमचा सूर जर मूळच्या १ ओहमच्या केबलसकट लावला असेल, तर 'चांगली' केबल तो सूर बिघडवेल. हे कोणी विक्रेता सांगत नाही.

प्लेनार (सपाट पातळ पडद्याच्या) हेडफोनवाल्यांनी निश्चिंत राहावं. त्यांचा इम्पिडन्स जवळजवळ सपाट असतो, त्यामुळे केबल जाड असो की बारीक, आवाज फार तर किंचित लहान-मोठा होतो, रंग बदलत नाही.

तारतम्य

कानोसा, तुमचं गणित मान्य, पण ते माझ्याच पारड्यात पडतं. मामला ओहमचा असेल तर विक्रेत्याने केबलवर ओहम छापावेत. धातूची शुद्धता नऊच्या किती आकड्यांत (९९.९९ टक्के वगैरे) आहे ते छापतात, रेझिस्टन्स क्वचितच. शिवाय केबलच्या अर्ध्या ओहमवर भांडण्याआधी ज्यात प्लग घालताय त्या अँपचा आउटपुट इम्पिडन्स पाहा. आयईसी ६१९३८ या मानकात एकेकाळी हेडफोन आउटपुटसाठी १२० ओहम सुचवले होते! तसला जुना अँप आणि चार ओहमचा आयईएम एकत्र आले तर केबल कोणतीही असो, आलेखाची दशा होणारच.

सोल्डरगंध

इतका वेळ सगळे आवाजावर भांडताहेत. मी केबल हाताने बनवतो, माझ्यासाठी आणि कधी मित्रांसाठी, आणि आवाज सुधारेल असं कोणालाही सांगत नाही. तरी धागाकर्त्यांचा निष्कर्ष मला पटत नाही, कारण केबल हा आधी अंगावर वागवायचा भाग आहे.

सोबत येणारी केबल बहुधा एक तर तीन मीटर लांब, खुर्चीच्या चाकाखाली जाणारी, नाही तर ताठ रबरी, मान वळवली की कप ओढणारी. आयईएमच्या केबलला शर्टाची कॉलर घासली की खरखर थेट कानात येते. हा फरक ओळखायला एबीएक्स लागत नाही. केबल मऊ, हलकी, हव्या तितक्या लांबीची झाली की माणूस जास्त वेळ ऐकतो. मला एवढं कारण पुरतं.

बनवणाऱ्यांसाठी थोडं. मी मोगामी २८९३ ही केबल वापरतो. चार तारा, प्रत्येकी २६ गेज, दीड मीटरला जाऊन-येऊन ०.४ ओहम. कॅनारेची एल-४ई६एस स्टुडिओत मायक्रोफोनसाठी फार चांगली, पण ६ मिमी जाड आणि ताठ, डोक्यावर नको वाटते. पॅराकॉर्डचं (नायलॉनच्या विणीव दोरीचं) कव्हर दिसतं छान, पण कपड्यावर घासून तेच आवाज करतं, म्हणून आयईएमला टाळा. पारदर्शक आवरणाखाली तांबं हिरवं पडतं, त्याला घाबरू नका, ते दिसायलाच वाईट. नकोच असेल तर प्रत्येक धाग्यावर इनॅमलचा (विद्युतरोधक रंगाचा) थर असलेली लिट्झ तार घ्या, मात्र सोल्डर करण्याआधी ते इनॅमल जाळून किंवा खरवडून काढावं लागतं. नाही काढलं तर अर्धे धागे जोडलेच जात नाहीत आणि केबल कधी चालते, कधी नाही.

६३/३७ सोल्डर (६३ भाग कथील, ३७ भाग शिसं) १८३ अंशांना वितळतो. सोल्डरिंग आयर्न पिनेवर रेंगाळलं की पिन धरणारं प्लास्टिक मऊ पडून पिन तिरकी होते. एखादं जुनं सॉकेट जवळ ठेवा आणि प्लग त्यात घालूनच सोल्डर करा, पिना सरळ राहतात. खरी मेहनत मात्र स्ट्रेन रिलीफची (प्लगच्या तोंडाशी तारेला ताणापासून वाचवणाऱ्या आधाराची). तार जिथे प्लगमधून बाहेर पडते तिथेच ती तुटते, वेणी कितीही सुबक असली तरी.

आवाजाबाबत एकच गोष्ट माझ्या बाजूने सांगतो. काही केबलींमध्ये डाव्या-उजव्याची परतीची तार एकच असते. त्या सामाईक तारेचा रेझिस्टन्स ०.२ ओहम आणि हेडफोन ३२ ओहमचा असेल, तर एका बाजूचा आवाज उणे ४४ डेसिबलला दुसऱ्या बाजूत उतरतो. प्लगपर्यंत चार वेगळ्या तारा नेल्या की हे जवळजवळ मिटतं.

आणि हो, हातची केबल लावल्यावर 'साउंडस्टेज एकदम रुंद झाला' असं वाटलं तर आधी पोलॅरिटी तपासा. एका बाजूच्या दोन तारा उलट लागल्या की गायक मधून गायब होऊन सगळीकडे पसरतो आणि बेस पोकळ होतो. अशा केबलचं कौतुक ऐकलंय मी.

झुळूक

हाहाहा, शेवटच्या परिच्छेदाला +१

मंद्रसप्तक

बॅलन्स्ड केबलचं (डाव्या-उजव्याला वेगळ्या तारा असलेलीचं) काय मग? ४.४ मिमीच्या केबलवर गेल्यावर फरक मलाच नाही, घरातल्या कानाने बेफिकीर माणसांनाही कळला. तोही भास?

ओहमशांती

भास नाही, पण ते केबलचं कर्तृत्वही नाही. ४.४ मिमीचा प्लग लावला की बऱ्याच उपकरणांत अँपचा दुसराच भाग कामाला लागतो. सहसा व्होल्टेज दुप्पट, म्हणजे ६ डेसिबल जास्त. घरातल्या कोणालाही कळणारच. मोठा आवाज नेहमी अधिक भरदार, अधिक तपशीलवार वाटतो, त्यात चुकीचं काही नाही. आवाज तेवढाच खाली आणून पुन्हा ऐका आणि मग सांगा.

शक्तीला कमी पडणारा प्लेनार असेल तर बॅलन्स्ड केबल जरूर घ्या, तिथे त्या ६ डेसिबलचा उपयोग आहे. चार तारांची स्वस्तातली केबलही तेच काम करेल.

मंद्रसप्तक

आवाज जुळवून ऐकेन. पण एक लिहून ठेवतो, मला जी वस्तू हातात घेतल्यावर ऐकायला बसावंसं वाटतं, तिचा हिशेब ओहममध्ये होत नाही. सोल्डरगंध वेणी घालतात ती काय नुसती रेझिस्टन्ससाठी?

सोल्डरगंध

नाही, वेणी मला आवडते म्हणून घालतो. पण घेणाऱ्याला तसंच सांगतो.

गुपचूप_वाचक

बरेच दिवस फक्त वाचत होतो, आज विचारतो. माझा हेडफोन न निघणाऱ्या केबलचा आहे, सोनी एमडीआर-७५०६ सारखा, गुंडाळी वायरवाला. प्लगजवळ वाकवलं की उजवी बाजू जाते. कप उघडून सॉकेट बसवावं का? आणि कानोसा म्हणतात तो ओहमचा आकडा घरी मोजायचा कसा?

सोल्डरगंध

प्लगजवळ जात असेल तर कप उघडू नका. तुटका भाग दोन-तीन इंच कापा, नवा ३.५ मिमीचा प्लग सोल्डर करा. कापल्यावर आतल्या तारांवर रंगीत इनॅमल दिसलं तर टोकं सोल्डरमध्ये बुडवून ते जाळा. कोणती तार कुठली हे मल्टिमीटरने पाहा, रंगांवर विसंबू नका. सॉकेटचा उद्योग कपात जागा असेल आणि केबल मधूनच तुटली असेल तरच.

कानोसा

ओहमबद्दल: न निघणाऱ्या केबलचा वेगळा मोजता येणार नाही, तुमच्या हेडफोनला त्याची गरजही नाही. निघणाऱ्या केबलचा मोजायचा असेल तर हेडफोनकडच्या टोकाच्या दोन्ही पिना तारेच्या तुकड्याने जोडा आणि प्लगच्या बाजूने मोजा. साध्या मल्टिमीटरच्या स्वतःच्या वायरीच ०.२-०.३ ओहम दाखवतात, म्हणून आधी त्यांची टोकं एकमेकांना टेकवून तो आकडा वजा करा. नेमकं हवं असेल तर केबलमधून १०० मिलिअँपिअर करंट सोडा आणि प्लगवरचं व्होल्टेज बघा. ४० मिलिव्होल्ट आले तर ०.४ ओहम.

मंद्रसप्तक, तुमच्या दोन्ही केबलींचे आकडे मिळाले तर इथे टाका, आणि हेडफोन कोणता तेही लिहा.