सेज (पायथनवर आधारित गणिताचं सॉफ्टवेअर): विभाजनांचा क्लास लिस्टवरून काढावा का?

प्रश्न: पूर्णांकाच्या विभाजनांसाठी (4 = 3+1 म्हणजे [3,1], मोठी संख्या आधी) पायथनच्या लिस्टवरून क्लास काढलाय. सेटमध्ये टाकताना 'अनहॅशेबल' एरर येते, म्हणजे वस्तू शोधायला लागणारा हॅश हा आकडा तिला नाही. हॅश स्वतःच लिहू का?

उत्तर १: अजिबात नको. [3,1] डिक्शनरीत टाकून नंतर त्यात अपेंड केलंत, की हॅश बदलतो आणि नोंद सापडतच नाही. सेजचा क्लोनेबलअॅरे (न बदलणारी यादी) घ्या, बदल क्लोनवर, म्हणजे तिच्या प्रतीवर, विथ ब्लॉकमध्ये करा. तो ब्लॉक संपताना तुमची चेक मेथड आपोआप चालते. उलट्या क्रमाचा [1,3] तिथेच अडतो.

उत्तर २: सगळ्या विभाजनांच्या संचासाठी पॅरेंट नावाचा क्लासही वेगळा हवा. मोजणी त्याच्याकडे, पण यादी बनवून नव्हे: 100 ची विभाजनं 19,05,69,292 आहेत!

प्रश्नकर्ता: पॅरेंटला लिस्ट दिली की युनिकरिप्रेझेंटेशन (त्याच इनपुटला कॅशमधला तोच ऑब्जेक्ट देणारा सेजचा क्लास) अडतं, कारण लिस्ट हॅश होत नाही.

उत्तर २: क्लासकॉलमध्येच (ऑब्जेक्ट बनण्याआधी चालणारी मेथड) तिचा टपल (न बदलणारी यादी) करा. इनिटपर्यंत (ऑब्जेक्ट बनल्यावर चालणारी मेथड) थांबलात तर उशीर होतो, कॅशची की त्याआधीच लागते.