पेठेतल्या दुकानांत चौकातली पोरं शिकायला लावायचीत, कुणी केलंय का असं?

पूर्वभागवाला

नमस्कार मंडळी. मी भवानी पेठेत राहतो, मंडळाचं काम बघतो (कुठलं ते राहू द्या, ओळखणारे ओळखतील). गणपतीत आमच्याकडे पोरांना तोटा नसतो, मांडव घालायचा, ढोल वाजवायचा, रात्रभर जागायचं, एक हाक मारली की सगळे हजर. अनंत चतुर्दशी उलटली की तीच पोरं कट्ट्यावर बसून रील बघतात. सतरा ते बावीसच्या आसपासची सगळी. कुणी दहावीला गणितात अडकलाय, कुणाचं कॉलेजात नाव आहे पण जात नाही, एकदोघं डिलिव्हरी करतात ते पण मित्राची गाडी घेऊन. आणि पेपरात कोयत्याची बातमी आली की लोक लगेच आमच्या वस्तीकडे बघतात, ज्याचा काही संबंध नाही त्याच्याकडे सुद्धा.

आता दुसरी बाजू बघा. नाना पेठेत गाड्यांच्या स्पेअर पार्टची लाईन, इकडे टिंबर मार्केट, पलीकडे रविवार पेठेत बोहरी आळी, कसब्यात तांबट आळी, सगळं पायी जाण्यासारखं. आणि यातला प्रत्येक दुकानदार एकच रडगाणं गातो की माणूस मिळत नाही. मालक साठीच्या पुढचे, मुलगा हिंजवडीला आयटीत नाहीतर परदेशात, पुढे दुकान कोण बघणार ते त्यांनाच माहीत नाही.

माझ्या डोक्यात असं आहे की एका दुकानात एक पोरगा, सहा महिने. नुसतं उचल-ठेव नाही, धंदा शिकायचा. पैसे कुणी द्यायचे, सरकारची एखादी योजना बसते का, आणि मुख्य म्हणजे पोरं टिकतात का? ज्यांनी स्वतः केलंय किंवा असे शिकलेत त्यांनी सांगा. राजकारण नको प्लीज.

स्पॅनर

दादा मी असाच शिकलोय, नाना पेठेतच, टू व्हीलरच्या पार्टच्या दुकानात, आता कोंढव्याला स्वतःचं छोटं गॅरेज आहे. पोरं टिकतात का म्हणशील तर बरीचशी टिकत नाहीत, माझ्या मागेपुढे लागलेली कितीतरी गेली, पण ती का गेली ते ऐक.

दुकानात पोरगा लागला की पहिलं काम काय, झाडू मारा, चहा सांगून या, ट्रान्सपोर्टचं पार्सल उचलून आणा. ते करायला ना नाही, सगळ्यांनीच केलंय. पण चार महिने झाले तरी तेच चालू असेल तर तो हरकाम्या झाला, त्याला शिकणं कोण म्हणेल. त्यापेक्षा डिलिव्हरी बरी असं पोराला वाटणारच, तिथे निदान आठवड्याला खात्यात पैसे पडतात आणि कुणी ए छोटू म्हणत नाही.

माझे शेठ खवट होते पण एक गोष्ट त्यांनी केली. दुपारी गर्दी कमी झाली की खोक्यातून पार्ट काढून काउंटरवर ठेवायचे, खोकं लपवायचे आणि विचारायचे हा कुठल्या गाडीचा. क्लच प्लेट, ब्रेक शू, केबल, सगळं बिनानावाचं. सुरुवातीला सगळ्या केबली मला सारख्याच दिसायच्या. नंतर हळूहळू कळायला लागलं की टोकाचं नट वेगळं आहे, लांबी दोन बोटं जास्त आहे, ही जुन्या मॉडेलची. कारण गिऱ्हाईक काय पार्ट नंबर घेऊन येत नाही ओ, मेकॅनिक येतो तो तुटलेला तुकडा पेपरात गुंडाळून आणतो, ऑइलने हात काळे, खाली गाडी उघडून पडलेली, "हे दे लवकर" म्हणतो. तेव्हा ज्याला बघून ओळखता येतं तो खरा काउंटरवाला. ओरिजिनल आणि डुप्लिकेट सुद्धा हातात घेऊनच कळतं, छपाई, वजन, पॅकिंगचं सील.

पण मला विचारशील तर खरं शिक्षण पार्टचं नव्हतंच, उधारीचं होतं. कुठल्या गॅरेजवाल्याला माल द्यायचा आणि कुणाला मागचं आणा मगच पुढचं म्हणायचं, कोण शनिवारी न चुकता देतो, कोण फोन उचलत नाही पण महिन्याच्या शेवटी स्वतः येऊन सगळं चुकतं करतो. हे कुठल्या कोर्समध्ये शिकवणार? माझं गॅरेज आज चालतं ते त्याच्यावर, इंजिन खोलणारे गल्लीत दहा आहेत.

म्हणून दुकानदाराकडून एवढं कबूल करून घे की दुसऱ्या महिन्यापासून पोरगा काउंटरवर आणि चौथ्यापासून उधारीची वही बघणार. जो नाही म्हणेल त्याला माणूस हवाय, शिकाऊ पोरगा नकोय, त्याच्याकडे पाठवूच नको.

गल्ला_आणि_वही

वर स्पॅनररावांनी लिहिलंय ते पटलं, पण आमची बाजू पण ऐकून घ्या, कारण आम्हाला शिव्या घालायला सगळ्यांनाच आवडतं.

माझं हार्डवेअरचं दुकान आहे. पोराला सगळं शिकवा म्हणता, शिकवतो. पण माल कुठून येतो, कुठल्या भावाला पडतो, कुठलं गिऱ्हाईक किती घेतं हे त्याला कळलं की तो वर्षभरात दोन दुकानं सोडून स्वतःचं टाकतो, आणि माझंच गिऱ्हाईक घेऊन जातो. झालंय असं. अर्थात आमचे वडीलही असेच कुणाकडे तरी शिकून बाहेर पडले होते, त्यामुळे फार बोलायला मला तोंड नाही, पण भीती असते ती असते.

दुसरं गल्ल्याचं. अनोळखी पोराला गल्ल्याजवळ कोण उभं करेल? पेठेत आजही माणूस ओळखीवर लागतो, कुणाचा कोण, कुठे राहतो, वडील काय करतात. तुमच्या मंडळाचा उपयोग इथे आहे. पैसे देऊ नका, फ्लेक्स तर मुळीच लावू नका, फक्त ओळख द्या. म्हणजे पोरगा दोन दिवस आला नाही किंवा काही कमीजास्त झालं तर मी ज्याला फोन करीन तो माणूस ठरलेला पाहिजे आणि त्याने फोन उचलला पाहिजे. सगळं मंडळ जबाबदार म्हणजे कुणीच नाही, हे तुम्ही वर्गणीच्या हिशोबात बघितलं असेलच :)

आणि वेळ बघून पाठवा. दसरा ते दिवाळी कुणाला शिकवायला डोकं वर काढता येत नाही, त्या काळात नवीन पोरगा म्हणजे लोढणं. दिवाळी आटोपली, स्टॉक मोजायला घेतला, की तेव्हा आणा. स्टॉक मोजताना अख्खं दुकान हातातून जातं, तेवढ्यात पोराला निम्मा धंदा कळतो. बाकी पुण्यातली दुकानं १ ते ४ बंद म्हणून हसता ना, ज्याच्याकडे अजून ती पद्धत आहे त्याचं अर्धं शटर खाली असताना शिकवायला उत्तम वेळ आहे, जेवण झाल्यावर शेठला झोप आली नाही तर.

फॉर्मवाली_ताई

मी तरुणांच्या रोजगाराच्या कामात बरीच वर्षं आहे, त्यामुळे योजनांचं तेवढं सांगते, कारण यात लोक फार फिरतात.

अप्रेंटिस कायदा १९६१ चा आहे. २०१९ च्या नियमांनुसार ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला अप्रेंटिस घ्यावेच लागतात, ४ ते २९ असतील तर मर्जीवर. केंद्राच्या एनएपीएसमध्ये (अप्रेंटिस ठेवणाऱ्याला मदत देणारी योजना) स्टायपेंडचा २५ टक्के भाग, महिना जास्तीत जास्त १५०० रुपये, सरकार देतं. पण पेठेतल्या दुकानात शेठ, शेठचा भाऊ आणि एक नोकर, म्हणजे तिथेच गाडी अडते. राज्याची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना २०२४ ला आली, बारावीला ६०००, आयटीआय किंवा डिप्लोमाला ८०००, पदवीला १०००० महिना. पण बारावी पास पाहिजे, म्हणजे तुमचा गणितात अडकलेला पोरगा आधीच बाहेर. पीएम विश्वकर्मा २०२३ पासून आहे, १८ पारंपरिक कामं, ट्रेनिंगला दिवसाला ५०० आणि अवजारांसाठी १५००० पर्यंत, पण ती जो ते काम आधीच करतोय त्याच्यासाठी. शिंपी, सुतार, टोपल्या विणणारा, चांभार असेल तर जरूर भरा, पार्टच्या काउंटरवाल्याला उपयोग नाही.

म्हणून माझं मत, सहा महिन्यांचं हे काम योजनेच्या भरवशावर सुरूच करू नका. दुकानदाराने दर आठवड्याला थोडे का होईना पण ठरलेले पैसे द्यावेत आणि ते पोराच्या खात्यात जावेत. महिन्याचा पगार म्हटलं की या वयातली पोरं दहाव्या दिवशी उचल मागतात आणि तिथून भांडण सुरू होतं. पुढे स्वतःचं काही काढायचं असेल तेव्हा पुण्यात विचारायला जागा आहेत. महापालिकेच्या साथीने लाइटहाऊस केंद्रं चालतात, तिथे आधी बोलणं-वागणं आणि मग कौशल्याचा कोर्स असतो. भारतीय युवा शक्ती ट्रस्ट १९९२ पासून नव्या उद्योजकामागे एक अनुभवी मेंटॉर लावून देतो. मुद्रा योजनेचं शिशू, म्हणजे सगळ्यात लहान, कर्ज ५०००० पर्यंतचं आहे, पण ते आज नको, आधी उधारीची वही कळू दे.

दोन गोष्टी मात्र नक्की सांभाळा. १४ च्या आतलं मूल कामाला ठेवायचंच नाही आणि १४ ते १८ ला धोक्याचं काम कायद्याने बंद आहे, २०१६ ची दुरुस्ती बघा. टिंबर मार्केटमध्ये करवतीच्या मशीनजवळ १८ च्या आतलं पोरगं उभं सुद्धा राहता कामा नये, धोक्याच्या कामांच्या सरकारी यादीत काय लिहिलंय ते नंतर बघू. आणि १८ च्या पुढच्या प्रत्येकाचा प्रधानमंत्री सुरक्षा विमा उतरवा, वर्षाला २० रुपये, अपघाती मृत्यूला २ लाख. चहाच्या पैशात होतो, तरी कुणी करत नाही.

आणि हो, मूळ पोस्टमध्ये पोरं, पोरं, पोरं. तुमच्या चौकात मुली राहत नाहीत का?

कसबेकर

ताईंच्या शेवटच्या वाक्याला टाळ्या.

मी थोडं विरोधात बोलतो. सगळी दुकानं सारखी धरू नका. तांबट आळीचं नाव घेतलंय म्हणून सांगतो, माठारकाम म्हणजे भांड्यावर हातोडीने ठोके घालायचं काम, सहा महिन्यांत येत नाही. ठोका एकसारख्या जोराने, एका ओळीत पडला पाहिजे, भांडं डाव्या हाताने फिरत राहिलं पाहिजे, उजवा हात आपला चालू. जरा चुकला की पत्र्यावर डाग राहतो तो राहतोच. घराण्यातली मुलंसुद्धा हे सोडून गेलीत कारण दिवसभर कानावर आवाज आणि हातात पैसे कमी. तिथे कट्ट्यावरचा पोरगा पाठवून धंदा वाचेल असं कुणी समजू नये. विक्रीला मात्र पाठवा, फोटो काढायला, गिऱ्हाईकाशी बोलायला, तांब्याचा हंडा बाहेरगावी न चेपता पोचेल असा पॅक करायला. त्यात पोरं हुशार असतात आणि कारागिराला ते जमत नाही.

आणि पेठेची दुकानं बंद पडतायत ती माणूस नाही म्हणून एवढंच नाही. पार्किंग नाही, वाडे पडतायत, नवीन बिल्डिंगमध्ये गाळ्याचं भाडं परवडत नाही, लोक घरबसल्या मागवतात. हे ओझं सतरा वर्षांच्या पोराच्या डोक्यावर टाकू नका. त्याला एक धंदा नीट कळला तर तो त्याचा फायदा. पेठ सुधारली तर सुधारली.

पूर्वभागवाला

सगळ्यांना थँक्यू, एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं.

ताई, मुलींचं बरोबर आहे, राहतात ना. खरं सांगायचं तर मंडळात मुली ढोलाला असतात पण कट्ट्यावर बसत नाहीत म्हणून डोळ्यासमोर आल्या नाहीत. घरच्यांना विचारलं तर पहिला प्रश्न किती वाजता सोडणार. शिवणकाम, झेरॉक्स-स्टेशनरी, मेस अशा ठिकाणी बाई मालक आहेत त्यांच्याशी बोलतो. एक मेडिकलवाले तयार आहेत पण ते म्हणाले औषध द्यायला फार्मासिस्टच लागतो, बाकी बिलिंग आणि स्टॉक शिकवतो. चालेल ना?

कसबेकर, तुमचं कडू आहे पण पटलं. टिंबरचं सध्या काढून टाकतो. नाना पेठ आणि हार्डवेअर एवढंच धरतो, दोनचार दुकानं, दिवाळीनंतर. प्रत्येक दुकानामागे मंडळातला एकेक माणूस, नावानिशी, फोन त्यानेच उचलायचा. फक्त शिकून समोरच दुकान टाकायच्या भीतीचं काय करायचं ते अजून सुचत नाही.

स्पॅनर

त्याला उपाय नाही आणि लागत पण नाही. मी बाहेर पडलो तरी माझ्या गॅरेजचा माल अजून त्याच शेठकडून येतो, उधारीवर. पोरगा समोर दुकान टाकण्याऐवजी कोंढवा, हडपसर, धायरी असा लांब टाकेल आणि माल तुमच्याकडून उचलेल असं सुरुवातीलाच बोलून ठेवायचं. शेठला गिऱ्हाईकच मिळालं की.

गल्ला_आणि_वही

हे मात्र खरं, माझ्याकडचा एक असाच वाघोलीला आहे, महिन्याला चांगली ऑर्डर असते त्याची. पूर्वभागवाले, दिवाळीनंतर एक माझ्याकडे पाठवा. मुलगी असली तरी चालेल, संध्याकाळी सातला सोडीन. एकच अट आहे, सकाळी शटर उघडायच्या आत हजर पाहिजे, नंतर नाही.

फॉर्मवाली_ताई

मेडिकलचं चालेल, पण औषध हातात द्यायचं काम तिच्याकडे येता कामा नये, हे मालकाला आधीच स्पष्ट सांगा. विम्याचा फॉर्म जिथे बचत खातं आहे त्या बँकेत भरायचा, पोस्टात खातं असेल तर तिथेही होतो. हप्ता खात्यातून आपोआप कापला जातो, वर्ष १ जून ते ३१ मे धरतात, त्यामुळे मेच्या शेवटी खात्यात वीस रुपये आहेत ना तेवढं बघायला सांगा.