रानडुकराच्या शिकारीसाठी हँडगन आणि सुरी कोणती घ्यावी? (टेक्सास)

पेठकर_सॅनअँटोनिओ

नमस्कार मंडळी. सॅन अँटोनिओत असतो, एच-१बी व्हिसावर. ऑफिसातल्या मित्राच्या वडिलांचं गोन्झालेस काउंटीत रँच आहे. रानडुकरांनी त्यांचं कुरण नांगरल्यासारखं उलथून टाकलंय. गवत कापायचं यंत्रसुद्धा त्यातून नेता येत नाही. ते म्हणाले, ये आणि हवी तेवढी मार. त्यांच्याकडे रायफली आहेत, पण मला हँडगनने, जवळून शिकार करायची आहे. रेंजवर भाड्याची ९ एमएम चालवतो, नेम बरा बसतो.

तीन पर्याय डोक्यात आहेत: .३५७ मॅग्नमचं एखादं रिव्हॉल्वर, १० एमएमचं ग्लॉक २०, नाहीतर .४४ मॅग्नमचं रुगर सुपर ब्लॅकहॉक.

दुसरं सुरीचं. एका प्रदर्शनात हातघडणीची बोवी पाहिली, दहा इंची पातं, शिंगाची मूठ. बघताक्षणी जीव जडला. डुक्कर संपवायला आणि नंतर सोलायला ती एकच पुरेल का?

आणि खासगी जमिनीवर डुकरांसाठी लायसन्स लागत नाही, हे खरं ना?

बाळू_ऑस्टिन

१० एमएम घ्या. ग्लॉक २० मध्ये १५ गोळ्या बसतात, आणि डुक्कर एकटं क्वचितच भेटतं, कळप असतो. पहिला बार झाला की सगळे पांगतात. तेव्हा सहा गोळ्यांचं रिव्हॉल्वर भरत बसायला वेळ नसतो. २०० ग्रेनच्या (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं माप) हार्ड कास्ट, म्हणजे कडक शिशाच्या गोळ्या वापरा. लांब नळी हवी असेल तर ग्लॉक ४० बघा, सहा इंची आहे.

कोयनाकाठ

पेठकर, आधी तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं बोलते, कारण तोच सगळ्यात मोठा आहे. १ सप्टेंबर २०१९ पासून टेक्सासमध्ये खासगी जमिनीवर, मालकाच्या परवानगीने रानडुक्कर मारायला हंटिंग लायसन्स लागत नाही, हे खरं. पण तो राज्याचा नियम झाला. फेडरल कायद्याने एच-१बी, एच-४, एफ-१ अशा नॉन-इमिग्रंट, म्हणजे तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला बंदूक किंवा गोळ्या जवळ बाळगायलाच मनाई आहे. त्यातून सुटायच्या मोजक्या वाटा आहेत. नोकरदार माणसाला जमणारी म्हणजे कुठल्याही राज्याचं चालू हंटिंग लायसन्स. डुकरासाठी जे लागत नाही, ते तुम्हाला बंदूक हातात धरण्यासाठी लागतं. भाड्याची बंदूकही यातच येते, तेव्हा लायसन्स हातात पडेपर्यंत रेंज बंद ठेवा.

टेक्सासचं लायसन्स तुम्ही केव्हाही घेतलेलं असलं तरी ३१ ऑगस्टला संपतं. १ सप्टेंबरला नवं नसेल तर घरच्या कपाटातली बंदूकसुद्धा बेकायदा ठरते. नवं ऑगस्टच्या मध्यावर विक्रीला येतं, त्याच आठवड्यात घेऊन टाका. २ सप्टेंबर १९७१ ला किंवा नंतर जन्मलेल्यांना हंटर एज्युकेशनचा कोर्सही लागतो. ग्रीन कार्ड आल्यावर हा व्हिसाचा अडथळा राहत नाही. तोवर एकदा इमिग्रेशनच्या वकिलाशी बोलून घ्या. इथे चूक झाली तर शिकार राहील बाजूला, देश सोडायची वेळ येईल.

आता बंदूक. कॅलिबरआधी जनावर समजून घ्या. हरणाची सवय असलेला माणूस डुकरालाही खांद्याच्या मागे, अंगाच्या मधोमध मारतो. डुकराचं हृदय त्याहून खाली आणि पुढे असतं, पुढच्या पायांच्या मधे. आडवं उभं असेल तर पुढच्या पायाच्या कोपराच्या जरासं वर नेम धरायचा. मोठ्या नराच्या खांद्यावर कातडीखाली चिवट ढाल असते. नरांच्या झुंजीत सुळे तिच्यावरच अडतात. पोकळ टोकाची गोळी, म्हणजे हॉलो पॉइंट, तिच्यात उमलून तिथेच थांबू शकते. म्हणून सपाट टोकाची, कडक शिशाची, जड गोळी. ती पसरत नाही, आरपार जाते, आणि दोन भोकांतून रक्त सांडलं तरच झुडपात माग काढता येतो.

मी .४४ वापरते, सुपर ब्लॅकहॉक, साडेसात इंची नळी, २४० ग्रेनची गोळी. पण तुम्हाला ते घ्या म्हणणार नाही. त्याच्या ट्रिगर गार्डची पाठ चौकोनी असते आणि जोरकस काडतुसाला ती मधल्या बोटाच्या पेरावर ठोकते. काही बारांनंतर हात आपोआप आक्रसतो, चाप ओढायच्या क्षणी मनगट खाली जातं आणि गोळी डुकराच्या पायाखालच्या मातीत. ९ एमएमवरून थेट तिथे उडी मारणाऱ्या चांगल्या चांगल्या नेमबाजांचं हे होताना पाहिलंय. बाळू म्हणतात ते ग्लॉक उत्तम आहे, फक्त त्याची मूठ जाड आहे. माझ्या हातात ती पुरती येत नाही, चापापर्यंत बोट पोचायला हात वळवावा लागतो. तुमचा पंजा मोठा असेल तर खुशाल घ्या.

माझं मत विचाराल तर सहा इंची नळीचं .३५७ घ्या. सराव .३८ स्पेशलवर करा, ती त्याच नळीतून सुटते, स्वस्त पडते आणि हात बिथरत नाही. रानात जाताना १८० ग्रेनची हार्ड कास्ट भरा. पंचवीस यार्डांवर कागदी थाळीत सगळ्या गोळ्या बसल्याशिवाय जनावरावर बार टाकू नका, आणि त्याच्या पलीकडचं डुक्कर जाऊ द्या. जखमी होऊन निसटलेलं डुक्कर दोन-दोन दिवस तडफडतं, हे मला पाहवत नाही.

कानांची काळजी घ्या. मॅग्नमचा बार १६० डेसिबलच्या पुढे जातो, लपणीच्या पत्र्याच्या खोलीत तर आणखी घुमतो. बारीक आवाज ऐकू देणारे आणि मोठा तोडणारे इलेक्ट्रॉनिक मफ मिळतात, तेच घ्या.

पेठकर_सॅनअँटोनिओ

कोयनाकाठ ताई, लायसन्सचं हे मला अजिबात माहीत नव्हतं, मनापासून आभार. कोर्सला आजच नाव घालतो. सुरीचं राहिलं. शेजारच्या रँचवाल्याकडे डुकरांचे कुत्रे आहेत, तो म्हणतो बंदूक कशाला, सुरीनेच मारू.

कोयनाकाठ

कुत्र्यांसोबतची शिकार वेगळी. बे डॉग भुंकून डुक्कर एका जागी अडवतात, मग कॅच डॉग कान पकडतो. त्याच्या अंगात जाड कापडाचं चिलखत आणि गळ्याला रुंद पट्टा असतो, कारण डुकराचे खालचे सुळे वरच्यांवर घासून कायम धारदार राहतात. एक माणूस डुकराचे मागचे पाय धरून त्याला आडवं करतो आणि दुसरा कोपरामागून सुरी आत घालतो. या गर्दीत बंदूक चालवायची नसतेच, कुत्र्याला लागेल. आधी नुसते बघायला जा.

त्या कामाला सुरी लांब, अरुंद, टोकदार हवी, आठ-नऊ इंची, आणि पुढे भक्कम गार्ड हवा. मूठ रक्ताने माखली की हात सरकून पात्यावर जातो. त्याच सुरीने सोलायला गेलात तर आतडं फुटेल आणि मांस नासेल. सोलायला साडेतीन-चार इंची, ड्रॉप पॉइंट, म्हणजे पाठ टोकाकडे खाली उतरत जाणारी. डुकराचे केस राठ असतात आणि त्यात चिखल वाळलेला असतो. वरून कापलं की धार बघता बघता जाते. कातडीला छोटा छेद देऊन पातं आत सरकवायचं, धार आभाळाकडे, आणि आतून बाहेर चिरत जायचं. केस मग आपोआप बाजूला होतात.

बोवी आवडली तर आवडीसाठी घ्या, पण पैसे आधी या छोट्या सुरीत घाला. मुठीला शिंग नको, खरखरीत मायकार्टा (राळेत दाबून घट्ट केलेलं कापड) घ्या. ओल्या, चरबट हातातही घट्ट बसतं. कारागिराला आपल्या पंज्याचं माप पाठवा. पोलाद: १०९५ किंवा ओ१ ला दगडावर लगेच धार येते, पण रक्त तसंच राहिलं तर रात्रीत गंज चढतो. २०२१ मध्ये आलेलं मॅग्नाकट गंजत नाही आणि चिवटही आहे. पोलादाच्या नावापेक्षा पाणी कसं दिलंय, म्हणजे तापवून-थंड करून कठीण कसं केलंय, ते महत्त्वाचं, म्हणून पाणी कोण देतं आणि रॉकवेल (कठीणपणाचं माप) किती येतो, हे नक्की विचारा. जो हे सांगताना चाचरतो त्याच्याकडून घेऊ नका.

घडवलेली सुरी घेणार असाल तर अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटीची परीक्षा पास झालेला लोहार शोधा. त्यात एकाच पात्याने लोंबता दोर एका घावात तोडायचा, दोन लाकडी दांडे फोडायचे, तरीही हातावरचे केस तासता यायला हवेत, आणि शेवटी तेच पातं शिकंजात धरून ९० अंशांत वाकवायचं, मोडता कामा नये.

गुरांचा_डॉक्टर

एक भर. सोलताना रबरी हातमोजे घाला, डोळ्यांना चष्मा लावा. टेक्सासच्या रानडुकरांत ब्रुसेलोसिस आहे आणि तो रक्तातून, हातावरच्या छोट्याशा चिरेतूनही माणसात येतो. मांस लगेच बर्फात ठेवा, शिजवताना आतपर्यंत १६० फॅरनहाइट, म्हणजे ७१ सेल्सिअस होऊ द्या. नंतरच्या काही आठवड्यांत ताप येऊन-जाऊन राहू लागला, सांधे दुखू लागले, तर डॉक्टरांना रानडुक्कर सोललं होतं हे स्वतःहून सांगा. नाहीतर त्या तपासणीचं त्यांच्या मनातही येणार नाही.