मदत हवी आहे: सीनियरचं काम छापलंच गेलं नाही, मग संदर्भ द्यायचा कसा?

नमस्कार मंडळी. मी बडोद्याची, दांडिया बाजारात राहते. मायक्रोबायोलॉजीत पीएचडीचं चौथं वर्ष चालू आहे. महीच्या मुखाकडच्या खाऱ्या मातीतल्या जिवाणूंवर काम करते. पहिलावहिला पेपर पाठवला होता, तो काल एडिटोरियल ऑफिसमधूनच परत आला. संदर्भसूचीतल्या तीन नोंदी त्यांना मान्य नाहीत.

एक बायोआर्काइव्ह या जीवशास्त्राच्या ऑनलाइन सर्व्हरवरच्या प्रीप्रिंटची, म्हणजे जर्नलच्या तपासणीआधीच टाकलेल्या पेपरची. ती मी छापील पेपरसारखी लिहिली, प्रीप्रिंट हा शब्दच घातला नव्हता. दुसरी ‘इन प्रेस’, म्हणजे स्वीकारलेल्या पण अजून न छापलेल्या पेपरची. तो स्वीकारल्याचं पत्र हवंय, ते मिळेल.

खरा घोर तिसरीचा आहे. हे जिवाणू आमच्या लॅबमध्ये वाढतच नव्हते. आठवडा आठवडा वाट बघायची आणि प्लेट कोरीच. एका सीनियर दादानं जिवाणू वाढवायच्या माध्यमातलं मीठ टप्प्याटप्प्यानं चढवून बघितलं आणि वसाहती दिसायला लागल्या. मग त्याला नोकरी लागली, तो गेला आणि पेपर मसुद्यातच राहिला. मी सूचीत त्याच्या नावापुढे ‘अप्रकाशित हस्तलिखित’ असं लिहिलं होतं. जर्नल म्हणतं, सूचीत हे चालणार नाही. सर म्हणतात, ती ओळ काढ आणि ‘आमच्या लॅबमध्ये बसवलेली पद्धत’ एवढंच लिही. सरांच्या मनात काही वाईट नाही, माझा पेपर अडू नये एवढंच त्यांना वाटतं. पण माझा हात धजत नाही. ती पद्धत नसती तर माझा एकही प्रयोग झाला नसता. दादाचं नाव राहील आणि जर्नलचा नियमही पाळला जाईल, असा मार्ग आहे का?

प्रतिसाद १
ताई, ओळ काढू नका. मी काही वर्षं वैद्यकीय जर्नलसाठी संपादनाचं काम केलंय. आंतरराष्ट्रीय वैद्यकीय संपादक समितीच्या शिफारशी बऱ्याच जर्नलांनी उचलल्या आहेत. त्यांत पाठवलेल्या पण न स्वीकारलेल्या कामाचा उल्लेख मजकुरात ‘अप्रकाशित निरीक्षणे’ म्हणून करता येतो, त्या माणसाची लेखी परवानगी मात्र लागते. ‘वैयक्तिक संपर्क’ असं लिहायचं तर कंसात नाव आणि तारीख. एल्सव्हियरच्या जर्नलांतही अशा गोष्टी सूचीऐवजी मजकुरात घ्यायला सांगतात. म्हणजे आक्षेप जागेवर आहे, नावावर नाही. दादाला आजच मेल टाका.

प्रीप्रिंटच्या नोंदीत सर्व्हरचं नाव, ‘प्रीप्रिंट’ हा शब्द आणि डीओआय (कायमचा ओळख क्रमांक) घाला. त्याआधी त्याचं पान पुन्हा उघडा. पेपर नंतर जर्नलमध्ये आला असेल तर बहुतेक वेळा तिथे दुवा दिसतो, मग छापील आवृत्तीच द्यायची. आणि तुम्ही नेमकी कोणती आवृत्ती वाचली तेही तपासा. पहिलीतला आकडा दुसरीत बदललेला मी पाहिलाय.

प्रतिसाद २
मी गणितवाला, म्हणून थोडं वेगळं सांगतो. आमच्याकडे आर्काइव्ह हा प्रीप्रिंट सर्व्हर वापरतात, तो १९९१ मध्ये सुरू झाला, तिथला संदर्भ देताना कुणाची भुवई उंचावत नाही. रशियन गणिती पेरेलमननं प्वांकारे अनुमान या जुन्या गणिती कोड्याची सिद्धता २००२-०३ मध्ये तिथेच टाकली, जर्नलला पाठवलीच नाही. २००६ साली त्याला गणितातलं मानाचं फील्ड्स पदक जाहीर झालं, ते त्यानं नाकारलं. तुमच्या क्षेत्राची सावधगिरी मला समजते. जानेवारी २०२० च्या शेवटी करोना विषाणूत एचआयव्हीसारखे तुकडे असल्याचा प्रीप्रिंट आला होता, तो दोनतीन दिवसांतच मागे घेतला गेला. तोवर तो जगभर पोचला होता. त्यामुळे प्रीप्रिंट आहे हे स्पष्ट लिहिण्याचा आग्रह योग्यच आहे.

प्रतिसाद ३
दादाची पीएचडी झाली होती का? मग थिसिस शोधगंगेवर, म्हणजे भारतीय विद्यापीठांतल्या थिसिसच्या ऑनलाइन भांडारात बघा. आपल्या गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटचंच आहे ते. मान्य झालेला थिसिस सूचीत रीतसर जातो. आणि थिसिसमध्ये न आलेला भाग दादाला झेनोडो या संशोधनाच्या ऑनलाइन भांडारात टाकायला सांगा. ते सर्न ही युरोपातली भौतिकशास्त्राची संस्था चालवते, पैसे लागत नाहीत, डीओआय मिळतो आणि नाव त्याचंच राहतं. सरांना विचारूनच करा, कारण काम लॅबचंही आहे.

धागाकर्ती
किती आभार मानू! थिसिस सापडला, तिसऱ्या प्रकरणात पूर्ण पद्धत आहे. मी चार वर्षं त्याच लॅबमध्ये आहे आणि तो उघडून पाहिला नव्हता, याचं वाईट वाटतं. सरांना दाखवला, ते लगेच हो म्हणाले. प्रीप्रिंटही गेल्या वर्षी छापून आलाय, नोंद बदलली.

एक गोष्ट उरली. शेवटचा मिठाचा टप्पा दादानं थिसिस दिल्यानंतर बसवला, तो त्याच्या वहीत आहे. त्याला फोन केला तर म्हणाला, “अगं, वापर की, नाव कशाला?” मी म्हटलं, नाव येणारच, तू दोन ओळींचा मेल कर. झेनोडोवर टाकायला तो रविवारी बसणार आहे. डीओआय येईपर्यंत पेपर थांबवू, की सध्या मजकुरात त्याचं नाव आणि तारीख घालून पाठवू आणि रिव्हिजनच्या (परीक्षकांच्या शेऱ्यांनंतरच्या दुरुस्तीच्या) वेळी नोंद बदलू? ज्यांनी असं केलंय त्यांनी कृपया सांगा.