गोधडीला मधोमध फुगा येतो तेव्हा

तुमच्या वर्गातल्या बायकांच्या गोधड्यांना मध्ये फुगा येतो म्हणालात. आधी कापड तपासा. जुन्या लुगड्यांत कोरं सुती कापड न धुता घातलं की पहिल्या धुण्यात ते आटतं आणि चुण्या पडतात. सिंथेटिक साडी तर टाक्याखालून सरकतेच. थर जमिनीवर ताणून अंथरा, कडांवर डबे ठेवा, लांब लांब कच्चे टाके घाला. मग कडेपासून आत, फेऱ्याफेऱ्याने बोटभर अंतरावर धावदोरा. दर फेरीला हात फिरवायचा. घाई इथेच नडते!

शिकाऊ बायकांना मी आधी बाळाचं दुपटं देते, गोधडी नंतर. माझ्या नातवाच्या गोधडीत माझ्या आईचं लुगडं मधल्या थरात आहे. वरून दिसत नाही.