मदत हवी आहे : घरच्या प्रार्थनेत स्तोत्र 119 कसं बसवावं?

सर्वांना सलाम. मंडळीतल्या (आमच्या चर्चमधल्या) घरांसाठी रोज संध्याकाळच्या कौटुंबिक उपासनेचा क्रम आखतो आहोत. रविवारचं वचन सोमवारी चुलीपाशीही राहावं, ही मनापासूनची तळमळ. वेळ 15 मिनिटं : एक गीत, बायबलच्या स्तोत्रसंहितेतलं एक स्तोत्र, मार्काच्या शुभवर्तमानातली 8-10 वचनं, प्रार्थना. वर्षात अख्खं पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल (रोज 3 अध्याय, रविवारी 5) हा बेत मुद्दाम टाळला. जानेवारी सरता सरता लेवीय हे तिसरं पुस्तक येतं आणि यज्ञांच्या नियमांत घरंच्या घरं गळतात.

स्तोत्रं तारखेनुसार. 12 तारखेला या महिन्यात 12, पुढच्या महिन्यात 42, मग 72, 102, 132. पाच महिन्यांत 150 होतात.

अडतं ते 29 तारखेला. चौथ्या महिन्यात तिथे 119 येतं : 176 वचनं, मुलं पेंगणारच. त्याचे 8-8 वचनांचे 22 भाग आहेत. फक्त महिन्याच्या 31 तारखेला (तेव्हा क्रमात स्तोत्र नसतं) एकेक घेतला तर तीन वर्षांहून जास्त लागतील. सलग 22 दिवस घेतले तर तारखेचा मेळ तुटतो. तुमच्या घरी कसं जमवता? आणि स्तोत्र 137 चं शेवटचं, नववं वचन (शत्रूची बाळं खडकावर आपटणारा धन्य, असं म्हणणारं) लहान मुलांसमोर वाचता, की आठव्यावर थांबता?